स्टेशन मास्तर लिहू की गार्ड? रेल्वेत आयुष्य काढलेल्या कुणीतरी सांगा

झारापचो झिल:

नमस्कार मंडळी. मी कुडाळ आणि झारापच्या मधल्या एका गावातला. बी.कॉम. झालंय, वय २५. रेल्वेच्या एनटीपीसी (पदवीधरांची बिगर-तांत्रिक पदं) परीक्षेची तयारी दोन वर्षं चालू आहे आणि आता पदांचा पसंतीक्रम लावताना घोडं अडलंय. मनात दोनच पदं आहेत, स्टेशन मास्तर आणि गुड्स ट्रेन मॅनेजर, म्हणजे मालगाडीचा गार्ड. कागदावर बघितलं तर मास्तर वरचा: लेव्हल ६, मूळ पगार ३५,४००. ट्रेन मॅनेजर लेव्हल ५, मूळ पगार २९,२००. म्हणजे प्रश्न पडायलाच नको. पण मन गार्डाकडेच ओढतंय.

आमच्या परड्याच्या गडग्यापलीकडे रूळ आहेत. लहानपणी प्रत्येक गाडीला हात करायचो. इंजिनवाले कधी बघायचे नाहीत. शेवटच्या डब्यातला गार्ड मात्र नेमाने हात करायचा. एवढंच माझं या नोकरीबद्दलचं ज्ञान.

घरी विषय काढला. आई म्हणाली, "मॅनेजर म्हंजे हापिसात बसतलो मा?" म्हटलं, नाही गो, पूर्वी गार्ड म्हणायचे तोच. तर म्हणते, "म्हंजे शेवटच्या डब्यात झेंडो घेवन उभो रवतलो? तेच्यासाठी बी.कॉम. कित्याक केलंस?"

तर जाणकारांनी सांगा. पॅसेंजर गाडीचा मॅनेजर म्हणून सरळ घेतात का? तो माणूस दिवसभर नक्की करतो काय? एकट्याला कंटाळा येत नाही? आणि कोकणात पोस्टिंग मिळायची काही आशा?


अभ्यासिका चिपळूण:

भावा, दोन्ही पदांना मेडिकल ए-टू लागतं, ते आधी डोक्यात घे. चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/९, आणि रंग ओळखण्यात जराही गडबड चालत नाही. लेसरने नंबर काढला असशील तर दोन्ही दारं बंद. आमच्या अभ्यासिकेतला एक जण सगळ्या पायऱ्या चढून तिथे घसरला.

परीक्षेत फरक असा. पहिली सीबीटी (संगणकावरची परीक्षा) १०० प्रश्न ९० मिनिटं, दुसरी १२० प्रश्न ९० मिनिटं, ही दोघांना सारखीच. त्यानंतर मास्तरला संगणकावरची मानसिक चाचणी असते, गार्डाला नसते. टायपिंग दोघांनाही नाही. त्या चाचणीची धास्ती असेल तर गार्ड सोपा. नसेल तर सरळ मास्तर लिही. महिन्याला सहा हजार मूळ पगाराचा फरक आहे, झेंड्याच्या प्रेमात पडू नकोस.


शेवटचा डबा:

चिपळूणकर, परीक्षेचं तुमचं बरोबर आहे. पगाराचं अर्धंच सांगितलंत. त्यावर येतो.

मी १९९० साली गुड्स गार्ड म्हणून लागलो. ३२ वर्षं गार्ड होतो, शेवटची दोन वर्षं मॅनेजर. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने नाव बदललं, बाकी काही नाही. गुड्स गार्डाचा गुड्स ट्रेन मॅनेजर झाला, मेल गार्डाचा मेल-एक्सप्रेस ट्रेन मॅनेजर. बायकोने शेजारणीला सांगितलं, "आमच्याकडचे मॅनेजर झाले." दुसऱ्या दिवशी शेजारीण कर्जाच्या कागदावर सही मागायला आली.

पॅसेंजरवर सरळ कुणाला घेत नाहीत, बाळा. आधी मालगाडी. तिथे काही वर्षं घासली की सिनियर, मग पॅसेंजर, मग मेल-एक्सप्रेस. मालगाडीची माझी वर्षं देशावर गेली, कुठे ते सांगत नाही. तेव्हाची ब्रेकव्हॅन, म्हणजे मालगाडीच्या शेवटचा गार्डाचा डबा, म्हणजे चाकांवरचा लोखंडी कोंबडा-खुराडा. दिवा नाही, पंखा नाही, संडास नाही. उन्हाळ्यात पत्र्याला हात लावला की चटका, थंडीत दोन घोंगड्या. गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घातली की चार-चार तास सिग्नल नाही, आणि उतरून लांब जायची सोय नाही, कारण कधी सुटेल नेम नाही. पाणी कमी प्यायची सवय मला तिथे लागली आणि मूतखडाही तिथलाच. ते दिवस तुझ्याही वाट्याला येतील, हे आधी मान्य कर. मग बाकीचं.

कोकण रेल्वे झाल्यावर डेप्युटेशनवर इकडे आलो. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. माझं गाव राजापूर तालुक्यात. आजीने आयुष्यात आगगाडी बघितली नव्हती. तिला पहिल्यांदा गाडीत बसवली तेव्हा तिने चपला दाराबाहेर काढून ठेवल्या. मीच धावत जाऊन त्या आत आणल्या. असो.

दिवसभर करतो काय, हे विचारलंस ते बरं केलंस, कारण लोकांना फक्त झेंडाच दिसतो. ड्युटीवर आलं की लॉबीत सही, तोंड यंत्रात फुंकायचं, मग वाटेतल्या कॉशन ऑर्डर. कुठल्या किलोमीटरला कुठल्या किलोमीटरपर्यंत ताशी किती वेग, सगळं वाचून सही. गाडीवर आलं की ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, म्हणजे ब्रेक नीट असल्याचा दाखला, बघायचं. शेवटच्या डब्याला मागे लाल दिवा आणि शेवटचं वाहन सांगणारी पाटी लागली आहे ना ते स्वतः जाऊन बघायचं. आपल्या डब्यातल्या प्रेशर गेजवर नजर: इंजिनाकडे ब्रेक पाइपला पाच किलो असतात, आपल्याकडे शेवटाला चार पॉइंट आठच्या आसपास यायला हवेत. काटा खाली असेल तर मध्ये कुठेतरी हवा गळतेय. वॉकीटॉकीवर लोको पायलटशी दोन शब्द. मग सिग्नल, शिट्टी, झेंडा.

पुढे प्रत्येक स्टेशनात न थांबता गेलो तरी मास्तर आणि पॉइंट्समन हिरवा दाखवतात, आपण उलट दाखवायचा. ते आपल्या गाडीकडे बघत असतात, कुठे ठिणगी उडते का, काही लोंबतंय का. आपण वळणावर वाकून पुढचे डबे बघायचे. आणि ते मागचं लाल, ते मास्तराला दिसलं की गाडी पुरती आली, मध्ये तुटून काही मागे राहिलं नाही. आता रुळाला धुरा मोजणारी यंत्रं आहेत, पण मी लागलो तेव्हा मास्तर पावसात छत्री घेऊन फक्त तो दिवा बघायला उभा राहायचा. पूर्ण गाडी आत आल्याशिवाय एकेरी मार्गावर समोरची सोडता येत नाही. रोहा ते वीर ४६ किलोमीटर २०२१ मध्ये दुहेरी झाले, बाकी मार्ग आजही बहुतेक एकेरीच. म्हणून क्रॉसिंग, म्हणजे समोरची गाडी जाईपर्यंत स्टेशनात थांबणं. पॅसेंजरचा गार्ड असशील तर अर्धं आयुष्य क्रॉसिंगला जाईल. दुसऱ्याच्या गाड्या जाताना बघायच्या आणि वहीत लिहायचं, इतक्याला आली, इतक्याला सुटली, इतकी मिनिटं कुणापायी गेली. एका मिनिटाचा हिशेब चुकला तर वरून विचारणा.

आता एक चूक सांगतो, माझीच.

जूनचा पहिला आठवडा, पाऊस नुकता लागलेला. सिंधुदुर्गातलं एक लहानसं स्टेशन, नाव राहू दे. फलाट आखूड आणि त्यात वळण. माझा डबा फलाटाच्या बाहेर करवंदीच्या जाळीत उभा. आधीच २० मिनिटं लेट होतो आणि पुढे क्रॉसिंग ठरलेलं. बाहेर डोकावलो, छत्र्या छत्र्या, पुढचं नीट दिसेना. वाटलं चढले सगळे. शिट्टी मारली, हिरवा दाखवला. गाडी हलली आणि मला दोन डबे पुढे एक म्हातारी दिसली. डोक्यावर पाटी, एका हाताने दांडा धरलेला, पाय मात्र खाली. ती गाडीबरोबर चालायला लागली. मग धावायला.

गार्डच्या डब्यात आपत्कालीन ब्रेकचा दांडा असतो. तो ओढला. हवा सुटताना जो फुस्स आवाज होतो तो अजून कानात आहे, आणि गेजचा काटा माझ्या डोळ्यांसमोर आडवा पडला. गाडी दचकून उभी राहिली. वॉकीटॉकीवर पायलट ओरडतोय, काय झालं, काय झालं. मी खडीवरून धावत गेलो. म्हातारी खडीवर बसलेली, पाटीतले सुके बांगडे पावसात पसरलेले. खरचटलं होतं, बाकी काही नाही. मी वाकलो तर तिने माझ्या पांढऱ्या शर्टाची बाही धरली आणि म्हणाली, "मेल्या, तुका दिसणा नाय काय?" मग बांगडे गोळा करायला लावले. गणवेशात, शिट्टी गळ्यात, मी बांगडे गोळा करतोय आणि अख्खी गाडी खिडकीतून बघतेय.

वहीत लिहिलं: प्रवासी चढत असताना गाडी हलली, गार्डने ब्रेक लावला, सहा मिनिटं. ती सहा मिनिटं माझ्या नावावर लिहिली, पायलटच्या नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत शिट्टी झाली की मनात तीनदा "रामकृष्ण हरी" म्हणायचो, मगच झेंडा वर. नवीन पोरं हसायची. हसू देत.

दुसरं सांगतो, म्हणजे गार्डाबरोबर जी काळी पेटी असते तिच्यात काय असतं ते कळेल. २००५ चा पावसाळा. रात्रीची पॅसेंजर, रत्नागिरीच्या खाली, खोल कटिंग. इंजिनाने चार लहान शिट्ट्या दिल्या आणि गाडी थांबली. चार लहान म्हणजे पुढे जाता येत नाही, अडथळा आहे. त्याआधी दोन पावसाळे कसे गेले होते ते आठव. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड येऊन कारवारहून मुंबईला निघालेली गाडी घसरली, पन्नासहून जास्त माणसं गेली. १६ जून २००४ ला करंजाडीजवळ पुलाशी मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. आमच्यातला एकही जण त्या कटिंगांमधून निवांत बसून जात नव्हता.

नियम असा, की गार्डाने मागे जाऊन गाडीचं रक्षण करायचं. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका, १,२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतराने. मागून काही आलं तर चाकाखाली फटाका फुटतो आणि पायलटला कळतं. मागून गाडी सोडलेली नसते हे आपल्याला माहीत असतं, तरी जायचं. एका हातात लाल टॉर्च, खिशात फटाक्यांची डबी. अंधारात ६०० मीटर कसे मोजणार? स्लीपर मोजायचे. किलोमीटरला साधारण १,६६० धरले तर हजार स्लीपर झाले की ६०० मीटर. मी मोजत निघालो. दोन्ही बाजूंनी जांभ्याची भिंत, तिच्यावरून पाणी धबधब्यासारखं, गटार भरून वाहतंय, आणि बेडूक इतके ओरडतायत की चारशे साडेचारशेला आकडा दोनदा चुकला. कुठे चुकला कळलं नाही म्हणून अंदाजाने थोडं पुढेच गेलो. फटाका रुळाला बांधताना हात थरथरत होते. थंडीने म्हणायचं.

पुढे आंब्याची फांदी पडली होती. दरड नव्हे, फांदी. गँगमननी कोयत्याने तोडली, सव्वा तासात सुटलो. परत आलो तेव्हा शेवटच्या जनरल डब्यातला एक चाकरमानी मला म्हणाला, "काय हो गार्डसाहेब, फिरायला गेला होता?"

पुढे जाळ्या लागल्या, दरडींचे उतार कमी केले, धोक्याच्या जागी चोवीस तास पहारेकरी बसले. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं, आणि फार पाऊस असून समोरचं दिसेनासं झालं तर वेग ताशी ४० वर आणायचा. तो पहारेकरी कटिंगच्या तोंडाशी घोंगडी घेऊन उभा असतो आणि कंदील दाखवतो. त्याला उलट दिवा दाखवायला विसरू नकोस. रात्रभरात त्याच्याशी बोलणारं तेवढंच.

कंटाळ्याचं विचारलंस. पॅसेंजर गाडीवर कंटाळा येत नाही, एकटेपणा येतो. पण एप्रिल-मेमध्ये सामानाच्या भागात हापूसच्या पेट्या चढतात. त्या पेंढ्याचा आणि आंब्याचा वास मी निवृत्तीच्या ग्रॅच्युइटीत धरला असता. आणि कुत्रे. माहीत नसेल तुला, गार्डाच्या डब्याला कुत्र्यासाठी पिंजरा असतो, पावती करून कुत्रा नेता येतो. उक्षी आणि भोकेच्या मध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. पॅसेंजरच्या वेगाने पाच-सहा मिनिटं. गणपतीला एका चाकरमान्याचा कुत्रा होता. बोगद्यात शिरताना इंजिनाने लांब शिट्टी दिली आणि त्याने जो सूर लावला तो भोके येईपर्यंत सोडला नाही. डिझेलचे दिवस, डब्यात धूर, मी रुमाल तोंडाला लावून बसलेलो आणि हा शेजारी आळवतोय. शेवटी मीही त्याच्याबरोबर ओरडलो. कोण ऐकणार होतं?

आता पगार. गार्ड रनिंग स्टाफमध्ये येतो. चाललेल्या किलोमीटरवर भत्ता मिळतो, तो मास्तराला नाही. मूळ पगाराचे ३० टक्के पगाराचाच भाग धरतात, आणि निवृत्तीचा हिशेब करताना मूळ पगारात ५५ टक्के मिळवतात. तेव्हा ते सहा हजार किलोमीटरमध्ये भरून निघतात. मात्र आजारी पडून घरी बसलास तर किलोमीटर बंद.

पोस्टिंगचं. आरआरबी (रेल्वे भरती मंडळ) मुंबईतून लागलास तर मध्य किंवा पश्चिम रेल्वे धरून चाल. कोकण रेल्वे वेगळं महामंडळ आहे, ते स्वतःची जाहिरात काढतं. २०२४ ला काढली त्यात सगळ्या मिळून १९० जागा, मास्तर १० आणि गुड्स ट्रेन मॅनेजर अवघे ५. प्राधान्य रेल्वेसाठी जमीन गेलेल्यांना. तुमच्या परड्याच्या गडग्यापलीकडे रूळ आहेत म्हणालास ना? मग आजोबांच्या ट्रंकेत भूसंपादनाचा कागद आहे का बघ. हे मास्तर-गार्ड नंतर कर.


इंजिनाकडचा:

गार्डकाका, वाचलं. आम्ही पुढे डोळे फोडून सिग्नल बघायचे आणि तुम्ही मागे आंबे हुंगायचे, हे आज लेखी मिळालं.

पोरा, एक गोष्ट काकांनी सांगितली नाही. मालगाडीच्या शेपटीला यंत्र लावून गार्डाशिवाय गाडी चालवायचं काम सुरू आहे. ईओटीटी म्हणतात त्याला. शेवटच्या वाघिणीला यंत्र, ते इंजिनात सांगतं की गाडी अखंड आहे आणि मागे इतकं प्रेशर आहे. आज ना उद्या गुड्सच्या जागा आटणार, आणि तुझी तर सुरुवातच तिथून. पंचविशीत नोकरी धरताना याचा विचार कर. मास्तराची जागा त्या मानाने पक्की.

बाकी, रात्री दोन वाजता बोगद्यातून बाहेर आल्यावर वॉकीटॉकीवर मागून "झोपलास काय रे?" असा आवाज येतो, त्याची किंमत मी पण जाणतो. आमच्या एका गार्डाला भजनाची आवड होती. पनवल नदीच्या पुलावर, ६४ मीटर उंचीवर, चांदण्यात तो वॉकीटॉकीवर एक कडवं म्हणायचा. नियमात बसत नाही. म्हणून नाव सांगत नाही.


गार्डीणबाई:

पुरुषमंडळींनी गाडीचं सगळं सांगितलं, घराचं कुणीच नाही. माझे मिस्टर २२ वर्षं या कामात आहेत.

आठ तासांवर ड्युटी झाली की घरच्या ठिकाणी १६ तास विश्रांती, हा नियम. कागदावर छान दिसतो. पण ते सोळा तास सकाळी अकराला सुरू झाले की रात्री तीनला संपतात. मग रात्री दोनला उठून मी डबा करते. आमच्या घरात रविवार नावाचा वार नाही. मुलगी बालवाडीत असताना बाईंनी विचारलं, तुझे बाबा काय करतात? तर म्हणाली, "झोपतात."

गणपतीला सगळं कोकण घरी येतं आणि आमचे हे त्यांना आणायला-पोचवायला. जादा गाड्या, रजा बंद. २२ वर्षांत गणपतीच्या आरतीला हे घरी पाच वेळा असतील. आमचा गणपती दीरच आणतात.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या घरात छातीभर पाणी होतं. मी, सासूबाई आणि दोन मुलं माळ्यावर. वाशिष्ठीचं पाणी पुलाशी चढलं म्हणून गाड्या जिथल्या तिथे थांबवल्या. हे आपल्या गाडीसह एका स्टेशनात अडकले. फोन बंद. लोक म्हणतील, एवढं सगळं झाल्यावर माणूस गाडी सोडून घरी का नाही आला? गार्डाला गाडी सोडता येत नाही. त्यांच्या गाडीत पोराबाळांसकट शेकडो माणसं होती, गावातल्या लोकांनी पेज आणि बिस्किटं आणून दिली, ती वाटण्यात हे होते. दुसऱ्या दिवशी रात्री घरी आले ते गुडघाभर चिखलातून चालत. सासूबाईंनी पहिलं काय विचारलं असेल? "गाडी खंय ठेवलंस?" त्या मालवणच्या.

मी तुला नको म्हणत नाही. पगार वेळेवर आहे, पास आहे, रेल्वेचा दवाखाना आहे. फक्त लग्न ठरवताना मुलीला हे सगळं आधी सांग. "मॅनेजर" एवढंच सांगून मोकळा होऊ नकोस.


झारापचो झिल:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा डबा काका, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. बांगड्यांपर्यंत आल्यावर ती इतकी हसली की पुढचं ऐकूनच घेतलं नाही. मग म्हणाली, "ती म्हातारी कणकवलीकडची असतली. थंयच्यो बायलो अशाच."

आजोबांची ट्रंक उघडली. कागद आहे. आजोबांच्या नावावरची सहा गुंठे रेल्वेला गेली, १९९२ ची नोटीस आहे. मात्र सातबाऱ्यावर आता चार चुलत्यांची नावं आहेत, तेव्हा दाखला कुणाच्या नावाने मागायचा यावर काल रात्री घरात सभा झाली आणि ती अजून संपलेली नाही.

दोन शंका उरल्यात. एक, मेडिकलला जाण्याआधी डोळे कुठे दाखवू? दोन, आईची आहे. ती म्हणते, गार्डिणीला रात्री दोनला डबा करावा लागतो तर तो डबा टिकतो किती वेळ, आणि त्यात काय द्यायचं?


शेवटचा डबा:

डोळे आत्ताच कुठल्याही चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखव. रंगांची चित्रं, त्या ठिपक्यांतले आकडे, ते मुद्दाम करून घे. आमच्या वेळी एकाला वयाच्या २४ व्या वर्षी कळलं की आपल्याला तांबडा आणि हिरवा सारखेच दिसतात. तोवर तो पिकलेला आंबा वासावरून ओळखायचा आणि सगळ्यांना वाटायचं काय जाणकार आहे.

चार चुलत्यांचं मात्र सांभाळून. भांडण लागलं की दाखला दहा वर्षं निघत नाही. एकाला पुढे करा, बाकीच्यांची संमती लिहून घ्या.

डब्याचं गार्डीणबाई सांगतील.


गार्डीणबाई:

आईंना सांग, तांदळाची भाकरी नको, सहा तासांत वातड होते. घावणे तर नकोच, एकमेकांना चिकटतात. चपात्या, त्याही तेल लावून, सुती कापडात. भाजी कोरडी, खोबरं न घातलेली, कोकणातल्या उकाड्यात खोबरं दुपारपर्यंत आंबतं. कुळथाची पिठी कोरडी बांधून द्यायची, रनिंग रूममध्ये (बाहेरगावी ड्युटीवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत) गरम पाणी मिळालं की पाच मिनिटांत होते. आमसुलं कायम बॅगेत.

आणि सुकट देऊ नका. आमच्या ह्यांनी एकदा रनिंग रूममध्ये सुकटीची चटणी उघडली, तर वरच्या खाटेवरचे एक मद्रासकडचे शाकाहारी गार्ड पांघरूण घेऊन व्हरांड्यात झोपायला गेले. अजून भेटले की आधी डबा कुठला आहे ते विचारतात.